मौन, असत्य आणि दोष

फौजदारी न्यायाची यंत्रणा कोणत्याही देशातील असो, ती शेवटी ज्या गोष्टीवर येऊन ठेपते ती कोणालाच दिसत नाही. कृत्य दिसते, वस्तू सापडते, साक्षीदार बोलतात. पण ते कृत्य करताना आरोपीला काय ठाऊक होते आणि त्याच्या मनात काय होते, हे त्याच्या वागण्यावरून ताडावे लागते. त्यामुळे न्यायनिवाडा हा नीतीचा प्रश्न होण्याआधी ज्ञानाचा प्रश्न असतो. दुसऱ्याच्या मनाविषयी माणसाला कितपत खात्रीने काही कळू शकते, आणि तेवढ्या खात्रीच्या बळावर त्याचा जीव घेण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो, हा तो प्रश्न होय. सिंगापूरमध्ये तो केवळ तत्त्वज्ञानाच्या वर्गात चर्चिला जात नाही, कारण तेथील अमली पदार्थविषयक कायद्याने तो थेट फाशीच्या तख्तापर्यंत नेऊन ठेवला आहे.

१९७३ च्या या कायद्यानुसार १५ ग्रॅमपेक्षा अधिक डायमॉर्फिन, म्हणजे शुद्ध हेरॉईन, किंवा २५० ग्रॅमपेक्षा अधिक मेथॅम्फेटामीन यांची तस्करी सिद्ध झाल्यास मृत्युदंडाची तरतूद आहे. मात्र सिद्ध होणे या शब्दाचा अर्थ येथे नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. अमली पदार्थ असलेली वस्तू किंवा त्या वस्तूची किल्ली ज्याच्याकडे सापडली, तो पदार्थ त्याच्या ताब्यात होता असे कायदा गृहीत धरतो, आणि ताबा सिद्ध झाला किंवा गृहीत धरला गेला की तो पदार्थ कोणता हेही त्याला ठाऊक होते असे मानून चालतो. कायद्याच्या परिभाषेत अशा मानून चालण्याला गृहीतक म्हणतात, आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी आरोपीवर असते. ‘मला ठाऊक नव्हते’ हे सिद्ध करणे म्हणजे एका अभावाचा पुरावा देणे. आणि अभावाचे ज्ञान कसे होते यावर भारतीय दर्शनांत शतकानुशतके वाद चालले, हे लक्षात घेतले म्हणजे आरोपीच्या डोक्यावर किती अवघड ओझे ठेवले आहे याची कल्पना येते.

चुकीने दोषी ठरवल्या गेलेल्या माणसाची गोष्ट सांगणारी न्यायनाट्ये वाचकाला किंवा प्रेक्षकाला या ओझ्यापासून मोकळे ठेवतात. हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) या कादंबरीतील कृष्णवर्णीय टॉम रॉबिन्सन निर्दोष आहे याविषयी वाचकाच्या मनात शंका उरत नाही. त्याचा निकामी डावा हात लेखिकेने भर न्यायालयात दाखवलेला असतो. प्रेक्षकाच्या हाती जणू चित्रगुप्ताची वही दिलेली असते आणि ती न वाचणाऱ्या पंचांवर रागावण्याचे काम तेवढे त्याच्याकडे राहते. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हा चित्रपट या बाबतीत अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. गटारात उतरणाऱ्या एका कामगाराला गाण्यातून आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप असलेला लोकशाहीर नारायण कांबळे, त्याचा उच्चभ्रू वकील, घरी जाऊन स्वयंपाकाला लागणारी सरकारी वकील आणि सुट्टीच्या दिवशी सहलीला जाणारे न्यायाधीश, यांपैकी कोणीही खलनायक नाही. तरीही अन्याय घडत राहतो, कारण प्रत्येक जण आपापल्या वस्तीतून, आपापल्या सवयींतून समोरच्या माणसाकडे पाहत असतो. खऱ्या न्यायालयांतील चुका बहुधा याच प्रकारच्या असतात, आणि सिंगापूरमधील एका खटल्याने ते विलक्षण स्पष्टतेने दाखवून दिले.

इलेचुक्वू उचेचुक्वू चुक्वुडी हा नायजेरियन नागरिक नोव्हेंबर २०११ मध्ये लागोसहून सिंगापूरला आला. सोबत आणलेली एक बॅग त्याने एका सिंगापुरी स्त्रीच्या हवाली केली. त्याच रात्री मलेशियाच्या सीमेवरील वुडलँड्स तपासणी नाक्यावर त्या बॅगेत सुमारे दोन किलो मेथॅम्फेटामीन सापडले आणि दुसऱ्या दिवशी त्याला अटक झाली. बॅग ओळखीच्या माणसाने पोहोचवायला दिली होती, आत काय आहे ते ठाऊक नव्हते, असे त्याचे न्यायालयातील म्हणणे होते. परंतु अटकेनंतरच्या जबाबांत त्याने बॅग दिल्याचेच नाकारले होते. उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याची निर्दोष मुक्तता केली. सरकार पक्षाने अपील केले आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवून त्याला दोषी ठरवले. फिरलेल्या निकालाचा मुख्य आधार त्याचे खोटे बोलणे हा होता: जबाबांतील असत्यांचे कोणतेही निष्पाप स्पष्टीकरण दिसत नाही, म्हणून ती अपराधाच्या जाणिवेतूनच आली असली पाहिजेत, असा तो तर्क होता.

पुढे शिक्षेच्या टप्प्यावर त्याची मानसोपचार तपासणी झाली, आणि तिच्या २०१७ मधील अहवालातून एक वेगळीच हकीगत पुढे आली. पाच वर्षांचा असताना नायजेरियातील वुकारी येथे त्याने हत्याकांड पाहिले होते, आणि त्या आघाताचे दीर्घकाळ टिकणारे मानसिक परिणाम त्याच्यात आढळले. असा माणूस जिवावरचा धोका प्रत्यक्षापेक्षा मोठा मानतो आणि जीव वाचवण्यासाठी अगदी ढोबळ, सहज उघडी पडणारी खोटी विधाने करू शकतो, हे तज्ज्ञांचे मत न्यायालयाने विचारात घेतले. अपील न्यायालयाने स्वतःचाच निकाल पुन्हा उघडला, आणि १७ सप्टेंबर २०२० रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने मूळची निर्दोष मुक्तता कायम केली. तोपर्यंत अटकेला जवळजवळ नऊ वर्षे होत आली होती. न्यायमूर्ती टे योंग क्वांग यांनी विरुद्ध मत नोंदवले, हेही सांगितले पाहिजे; कारण एकाच पुराव्याकडे पाहून अनुभवी न्यायाधीशांत असा मतभेद होऊ शकतो, यातच या प्रश्नाचे मर्म आहे.

न्यायदर्शनाच्या, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेच्या, भाषेत २०१५ चा तर्क मांडून पाहिला तर त्यातील सांधा कोठे निखळला ते नेमके दाखवता येते. अनुमानासाठी हेतू, म्हणजे ज्यावरून अनुमान करायचे ते चिन्ह, आणि साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचे ते, यांच्यात व्याप्ती, म्हणजे अपवाद नसलेले साहचर्य, असावे लागते. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, कारण जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी असतो. याच्या उलट अग्नीवरून धुराचे अनुमान मात्र चुकते, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. अग्नीपासून धूर निघण्यासाठी ओल्या इंधनाचा संयोग ही जादा अट पूर्ण व्हावी लागते; हेतूच्या आड लपलेल्या अशा अटीला नैयायिक उपाधी म्हणतात आणि उपाधीने युक्त असलेला हेतू सदोष ठरवतात. ‘जो खोटे बोलतो त्याला आपला अपराध ठाऊक असतो’ ही व्याप्ती याच जातीची आहे. खोटे बोलण्यापासून अपराधाच्या जाणिवेपर्यंत जायचे तर मध्ये एक अट लागते: बोलणाऱ्याला सत्य सांगितल्यास आपण सुरक्षित राहू असा सामान्य विश्वास असला पाहिजे. ज्याला तो विश्वास लहानपणीच गमवावा लागला, त्याचे असत्य भीतीचे चिन्ह असते. दोषाशी त्याचे नियत साहचर्य नसते. इंग्लंडच्या न्यायालयांनी १९८१ मधील लुकास खटल्यापासून असाच निकष घालून दिला आहे, आणि सिंगापूरची न्यायालयेही तो वापरतात: असत्य जाणूनबुजून बोललेले, महत्त्वाच्या मुद्द्यावरचे आणि अपराधाच्या जाणिवेतून व सत्याच्या भीतीतून आलेले असेल तरच ते पुराव्याला बळकटी देते. निकष हाताशी होता, नियम ठाऊक होता. चूक झाली ती उपाधी ओळखण्यात, आणि ती ओळखता येणे हे कायद्याच्या ज्ञानावर अवलंबून नव्हते. वुकारी कोठे आहे आणि तेथे काय घडले, हे ठाऊक असण्यावर ते अवलंबून होते.

असत्याच्या जागी मौन ठेवले की हीच चूक महाभारतात सापडते. आदिपर्वातील मांडव्य ऋषी आश्रमाच्या दाराशी झाडाखाली हात वर करून, मौनव्रत धरून तप करीत असताना चोर आपला माल घेऊन त्याच्या आश्रमात लपतात. पाठलाग करणारे राजपुरुष चोर कोणत्या वाटेने गेले असे विचारतात. ऋषी काहीच बोलत नाही. झडतीत चोरही सापडतात आणि मालही. राजपुरुषांचा संशय ऋषीवर जातो, राजा त्यालाही चोरांबरोबर शिक्षा फर्मावतो आणि त्याला सुळावर चढवले जाते. सिंगापूरच्या कायद्याशी या प्रसंगाचे साम्य वाचकाला अस्वस्थ करणारे आहे. माल आश्रमात सापडला म्हणून ताबा आला, आणि उत्तर दिले नाही म्हणून जाणीव आली. १९७६ च्या दुरुस्तीपासून सिंगापूरच्या फौजदारी प्रक्रियेतही आरोपीच्या मौनावरून त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढण्याची मुभा आहे, आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, जे तेव्हा सिंगापूरसाठी सर्वोच्च अपील न्यायालय होते, १९८१ मध्ये ही व्यवस्था ग्राह्य ठरवली. मांडव्याच्या मौनाला व्रत हे कारण होते. राजपुरुषांच्या जगात गप्प राहण्याचे एकच कारण शक्य होते, म्हणून त्यांनी ते गृहीत धरले.

कथा एवढ्यावर थांबली असती तर ती राजाच्या अविचाराची गोष्ट ठरली असती. पण ऋषी सुळावर मरत नाही. राजा क्षमा मागतो, सूळ उपटून निघत नाही म्हणून तो कापला जातो, आणि त्याचे टोक, म्हणजे अणी, शरीरात घेऊन वावरणारा हा ऋषी अणीमांडव्य म्हणून ओळखला जातो. राजाला तो क्षमा करतो आणि आपले गाऱ्हाणे घेऊन थेट धर्माकडे, म्हणजे कर्माचा हिशेब ठेवणाऱ्या देवतेकडे, जातो. धर्माचे उत्तर तयार असते: बालपणी त्याने किड्यांच्या शेपटांत गवताच्या काड्या खुपसल्या होत्या, त्याचे हे फळ. येथे कर्मसिद्धान्ताची एक अडचण उघडी पडते, जिची चर्चा प्रवचनांतून फारशी होत नाही. कर्माचा हिशेब जर अचूक असेल, तर जगात कोणतीच शिक्षा चुकीची असू शकत नाही. न्यायाधीशाने निरपराध माणसाला फासावर चढवले तरी त्याने नकळत कोणते तरी जुने देणे वसूल केलेले असते. म्हणजे हा सिद्धान्त जसा अपराध्याला सोडत नाही, तसा चुकणाऱ्या न्यायाधीशाला कधी पकडतही नाही. त्यातील व्याप्ती इतकी व्यापक आहे की तिला अपवाद दाखवताच येत नाही, आणि जी व्याप्ती कधीही खोटी ठरू शकत नाही तिच्यावरून कोणत्याही एका माणसाविषयी काही सिद्धही करता येत नाही.

अणीमांडव्य हे उत्तर नाकारतो. त्याच्या नाकारण्यातही एक कायदेशीर काटेकोरपणा आहे: कृत्य त्याने नाकारले नाही, प्रमाण नाकारले आणि अजाण वयाची जबाबदारी नाकारली. लहान अपराधाला मोठी शिक्षा दिली म्हणून तो धर्मालाच शाप देतो की त्याला शूद्र स्त्रीच्या पोटी जन्म घ्यावा लागेल, आणि चौदा वर्षांच्या वयापर्यंत केलेल्या कृत्याला पाप मानले जाणार नाही अशी मर्यादा घालून देतो. धर्म मग दासीच्या पोटी विदुर म्हणून जन्मतो, आणि तिन्ही भावांत सर्वांत शहाणा असूनही जन्माच्या कारणाने राज्याला मुकतो. शूद्र जन्म ही शिक्षा मानण्यात कथेचा स्वतःचाही एक अन्याय आहे, आणि फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात तो डोळ्यांआड करता येत नाही. तरीही शापाची दिशा पाहण्याजोगी आहे. चुकलेल्या न्यायाधीशाला नरक मिळत नाही, पदच्युतीही मिळत नाही. ज्यांच्याविषयी निवाडे केले जातात पण ज्यांना निवाड्याच्या आसनावर बसू दिले जात नाही, अशांच्या जन्मातून त्याला जावे लागते. ज्या अनुभवाच्या अभावी उपाधी दिसत नाही, तोच अनुभव त्याच्या माथी मारला जातो.

वांशिक अन्यायाचा प्रश्न येथे नेमका जोडला जातो. सिंगापूरच्या २०२० च्या जनगणनेत रहिवासी लोकसंख्येपैकी ७४.३ टक्के चिनी, १३.५ टक्के मलय आणि ९ टक्के भारतीय वंशाचे होते. अमली पदार्थांच्या खटल्यांत मृत्युदंड झालेल्या मलय वंशाच्या १७ कैद्यांनी २०२१ मध्ये उच्च न्यायालयात असा दावा दाखल केला की त्यांच्या समाजाचे फाशीच्या रांगेतील प्रमाण लोकसंख्येतील प्रमाणाशी विसंगत असून त्यामागे भेदभाव आहे. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये तो फेटाळला. आकड्यांतील विषमता दाखवली म्हणजे एखाद्या विशिष्ट व्यक्तीबाबत अधिकाऱ्यांनी भेदभाव केला हे सिद्ध होत नाही, ही न्यायालयाची भूमिका तर्कशास्त्राच्या दृष्टीने खोडता येण्यासारखी नाही. पण तिच्यामुळे एक मोठा प्रदेश तपासाबाहेर राहतो. भेदभाव म्हणजे कोणाच्या तरी मनातील द्वेष असे मानले, तर तो द्वेष दाखवता न आल्यास भेदभाव नाही असे ठरते. अन्याय व्याप्तीतून शिरत असेल, म्हणजे एका समाजाचे नेहमीचे वागणे दुसऱ्या समाजाच्या मोजपट्टीने संशयास्पद ठरत असेल, तर त्याला द्वेषाची गरजच नसते आणि कोणत्याही एका अधिकाऱ्याच्या मनात त्याचा माग लागत नाही.

याचे अगदी घरगुती उदाहरण म्हणजे पार्ती लियानी या इंडोनेशियन घरकामगार स्त्रीचा खटला. एका धनाढ्य कुटुंबाच्या घरातून ३४,००० सिंगापुरी डॉलरच्या वस्तू चोरल्याबद्दल तिला मार्च २०१९ मध्ये २६ महिन्यांची कैद झाली आणि ४ सप्टेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती चॅन सेंग ओन यांनी ती रद्द केली. त्या वस्तूंत एक डीव्हीडी प्लेअर होता. तो बिघडलेला असल्यामुळे टाकून दिला होता, असे तिचे म्हणणे होते. खटल्यात तो चालवून दाखवण्यात आला, परंतु नंतर स्पष्ट झाले की यंत्राच्या आत साठवलेले चित्रण तेवढे दिसत होते, डीव्हीडी काही चालत नव्हती. इंडोनेशियन भाषा बोलणाऱ्या या स्त्रीचा जबाब घेताना मलय भाषेतून दुभाष्याचे काम झाले होते. मोलकरणीकडे महागडी वस्तू सापडली म्हणजे ती चोरलेली, ही व्याप्ती श्रीमंत घरांत राहणाऱ्यांना स्वयंसिद्ध वाटते. तिची उपाधी अशी की त्या घरातून काही टाकून दिले जात नसले पाहिजे. आणि श्रीमंत घरांतून काय काय टाकून दिले जाते, हे तेथे झाडलोट करणाऱ्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.

निवाडा करणाऱ्यांत वेगवेगळ्या वस्त्यांतील माणसे असावीत, हा यावरचा जुना उपाय. सिंगापूरमध्ये तो ज्यूरीच्या, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांच्या, रूपाने होता आणि तो मोडीत निघण्याचे कारणही वांशिकच होते. डच आईबापांच्या पोटी जन्मलेल्या आणि मलय मुस्लिम स्त्रीने वाढवलेल्या मारिया हर्टोग या मुलीच्या ताब्यावरून डिसेंबर १९५० मध्ये दंगल उसळली, तीत १८ जण मृत्युमुखी पडले. त्या दंगलीत झालेल्या, ब्रिटिश हवाई दलातील एका माणसाच्या खुनाबद्दल खटला भरलेल्या चार मुस्लिम आरोपींचा बचाव तरुण वकील ली क्वान यू यांनी केला, ज्यूरीने त्यांना खुनाच्या आरोपातून मुक्त केले, आणि या यशाने ली यांचा ज्यूरीवरील विश्वास उडाला. पंचांच्या पूर्वग्रहांना आणि गोऱ्या माणसाच्या खुनासाठी चौघांना फाशी देण्याच्या त्यांच्या नाखुशीला आपण हात घातला, ही टोचणी त्यांनी आठवणींत नोंदवली आहे. पुढे पंतप्रधान झाल्यावर त्यांच्या सरकारने १९६९ मध्ये ज्यूरी पद्धत पूर्णपणे रद्द केली. संसदीय समितीसमोर त्या वेळी डेव्हिड मार्शल या नामांकित बचाव वकिलांनी सांगितले की खुनाच्या शंभर खटल्यांपैकी सुमारे नव्व्याण्णवांत त्यांनी आरोपी सोडवले होते. हे विधान युक्तिवाद म्हणून ज्यूरीच्या बाजूचे होते की विरुद्ध बाजूचे, हे ऐकणाऱ्याच्या आधीच्या मतावर अवलंबून होते. त्यानंतर देहदंडाचे खटले दोन न्यायाधीशांपुढे चालत, आणि १९९२ पासून ते एकट्या न्यायाधीशापुढे चालू लागले. ली यांची चिंता खोटी नव्हती, अपराधी सुटतात हेही खरे. पण ज्या पूर्वग्रहाच्या भीतीने सात माणसांना बाजूला केले, तो एका माणसात नसतो असे मानण्यास आधार नाही. सात जणांचे पूर्वग्रह निदान एकमेकांना छेद देण्याची शक्यता असते.

इस्लामी न्यायशास्त्रात ठरावीक कठोर शिक्षांबाबत असा नियम आहे की शंका उत्पन्न झाली की शिक्षा टाळावी, आणि क्षमा करण्यात झालेली चूक शिक्षा करण्यात झालेल्या चुकीपेक्षा बरी समजावी. इंग्रजी कायद्यातील संशयाचा फायदा हे तत्त्व त्याच्या जवळचे आहे. दोन्ही परंपरांचा वारसा लाभलेल्या या बेटावर मात्र शंका केव्हा उपस्थित करता येते, यालाही मुदत आहे. अंतिम निकालानंतर प्रकरण पुन्हा उघडण्यासाठी नवा आणि सबळ आधार लागतो, हे अपील न्यायालयाने २०१६ मध्ये खो जाबिंग खटल्यात ठरवून दिले. आणि देहदंडाच्या प्रकरणांत अपिलानंतरच्या अर्जांसाठी आधी परवानगी घेण्याची सक्ती करणारा कायदा संसदेने २०२२ मध्ये संमत केला. निकालाला शेवट हवा, अन्यथा निकाल या शब्दाला अर्थ उरत नाही, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. चुक्वुडीच्या बाबतीत मात्र नवा आधार कोठून आला, हे नजरेआड करून चालणार नाही. तो अहवाल दोषाचा शोध घेण्यासाठी मागवलेलाच नव्हता. १ जानेवारी २०१३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने केवळ वाहतूक करणाऱ्याची मानसिक स्थिती बिघडलेली असल्यास फाशीऐवजी जन्मठेप देण्याची सोय केली होती, आणि त्या सवलतीसाठी तो पात्र ठरतो का एवढेच पाहण्यासाठी ती तपासणी झाली. त्याला अटक झाली तेव्हा, २०११ मध्ये, ही तरतूद अस्तित्वात नव्हती. खटला त्याच वर्षी उरकला असता, तर दोषसिद्धीनंतर त्याला वुकारीबद्दल विचारण्याचे कायद्याला काही कारणच उरले नसते.